कुलूप लावलेल्या शेतात राब कोणी भाजला?

इथला तो ‘ऑनलाइन व्हर्च्युअल जगात नवीन आहे, टिप्स द्या’ हा धागा सकाळपासून वाचतेय आणि डोकं फिरलंय. कोणी सांगतंय फुकटचे केस कुठे मिळतात, कोणी सांगतंय उडायचं कसं, कोणी नाचायच्या जागांचे पत्ते देतंय. एका शहाण्याने तर लिहिलंय — ‘टेन्शन घेऊ नका, तिथे होतं ते सगळं खोटंच असतं!’ ... हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. नाहीतर ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असंच माझं ठरलेलं होतं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. अमानवीय अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त लोकांच्या चुका काढायला यायचे. तेव्हा ताप होता का? घरातलं वायरिंग तपासलं का? असले प्रश्न विचारून मी इथल्या कित्येकांना पळवून लावलंय, जुन्या सभासदांना आठवत असेल. आमच्या घरात देव्हारा नाही. छप्पन सालानंतर आजोबांनी घरातले देव नदीत सोडले आणि सोबत भुतंही सोडली, असं बाबा म्हणायचे. आमच्या गावात, किन्हवलीत, पोरं ज्या पिंपळाखालून पळत जायची, त्याच्याच खाली बसून मी शाळेचा डबा खायचे. अशा घरातली मी. त्यामुळे मला ‘तुला भास झाला असेल’ वगैरे शिकवू नका. ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय.

तर, टिप्स. त्या जगाचं नाव मी घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तिथे गेल्यावर पहिल्यांदा नाव घ्यावं लागतं. नाव आपलं, पण आडनाव त्यांच्या यादीतून निवडायचं. आपल्याकडे नवीन माणूस दिसला की दुसराच प्रश्न आडनावाचा असतो, आणि तो का असतो हे आमच्या घराला चांगलं माहीत आहे. तिथे मात्र मला कुठल्यातरी थंड देशातलं, जिभेला न झेपणारं आडनाव मिळालं आणि कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. हे मला फार आवडलं. खोटं का बोलू?

दुसरं — फुकटचे कपडे खोक्यात येतात. खोका जमिनीवर ठेवून उघडायचा. नवखी माणसं उघडायच्या ऐवजी तो खोकाच अंगावर चढवतात. मी पहिला अख्खा दिवस डोक्यावर पुठ्ठ्याचा खोका घेऊन हिंडत होते आणि एकाही जुन्याजाणत्याने तोंड उघडलं नाही, सगळे लांबून हसत होते. तुम्ही टिप्स देणारे तेच लोक असाल.

आणि तिसरं, महत्त्वाचं. तिथे जागा घेतलीत तर सगळ्यात आधी परवानग्या बघा. तुमच्याशिवाय कुणालाही त्या जागेवर काही ठेवता, हलवता किंवा मोडता येणार नाही असं एक कुलूप असतं. ते लावा. मी लावलं होतं... हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे साधारण २००७-०८ मधलं. मी तेव्हा शहापूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. सासरही शहापूरचंच, एसटी स्टँडपासून चालत जाण्याइतकं. आमच्या सरांनी ॲनिमेशनचा कोर्स काढायचा म्हणून एक दणकट पीसी घेतला होता. कोर्सला कुणी आलं नाही आणि तो पीसी कोपऱ्यात धूळ खात पडला. दुपारच्या बॅचेस सुटल्या की मी त्यावर बसायचे. संध्याकाळी सर शटर ओढून किल्ली घरी घेऊन जायचे. माझ्या घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि माहेरी किन्हवलीला तर सोडाच, तिथे भारनियमनात पंखा फिरेल तो आपला.

आता माहेरचं सांगते, म्हणजे मी एवढी का चिडलेय ते कळेल.

आमचं भाताचं शेत होतं. किन्हवलीच्या बाहेर, टेकाडाच्या पलीकडे, त्यामुळे घरातून दिसायचं नाही. आजोबांनी ते कूळ म्हणून कसलं आणि पुष्कळ खेटे घालून, पुष्कळ अपमान गिळून नावावर करून घेतलं. बाबांनी आयुष्यभर तेच शेत कसलं. दादा, माझा मोठा भाऊ, कल्याणला नोकरीला. तो बाबांना नेहमी म्हणायचा की कागदपत्रांसाठी तुमचे हेलपाटे कशाला, आणि असं म्हणत त्याने त्यांच्याकडून मुखत्यारपत्र करून घेतलं. मग एका हिवाळ्यात बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, अंथरुणाला खिळले. आणि ते हॉस्पिटलमधून घरी येऊन स्थिरस्थावर होताहेत तोवर दादाने शेत विकलंसुद्धा! मुंबईच्या एका पार्टीला फार्महाऊससाठी. नड काही नव्हती. भाव चांगला आला म्हणून विकलं. आईला आणि मला व्यवहार झाल्यावर कळलं. जेसीबी आणून सगळे बांध एका सपाटीला आणले, चारी बाजूंनी भिंत घातली, गेटवर रंगीत बोर्ड लावला.

बाबांना सांगायचं नाही असं आईने आणि मी ठरवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांच्या मनाला धक्का बसता कामा नये, दुसरा झटका सोसणार नाही. बाबा खाटेवर पडल्या पडल्या रोज शेताचं विचारायचे. आई सांगायची, हाय तिथंच हाय, कुठं जातंय. मी रविवारी किन्हवलीला गेले की तेच सांगायचे. आमच्या घरात एवढं एकच काम उरलं होतं — बाबांना कळू द्यायचं नाही.

आणि दादाचं म्हणणं काय, तर सांगून टाका आणि दोघांना कल्याणच्या फ्लॅटवर हलवा. जणू एखादं कपाट हलवायचंय.

तर त्या रागात मी त्या खोट्या जगात शेत केलं. एका परदेशी म्हाताऱ्याने आपल्या बेटाचा एक तुकडा नवख्यांना सरावासाठी फुकट दिला होता. तिथे मला एक कोपरा मिळाला. मी कुलूप लावलं आणि आठवेल तसं आमचं शेत मांडायला घेतलं. वरचं खाचर, मधलं, खालचं, त्यांच्यामधले बांध. बांधावर आमची ऐनाची झाडं होती, तर मी तिथल्या फुकटच्या सामानातून एक डेरेदार, हिरवंगार झाड उचलून आणून बांधावर लावलं. वाऱ्यावर पानं हलायची त्याची. भात मात्र मला जमेना, म्हणून खाचरं रिकामीच ठेवली.

होळीच्या आसपासची गोष्ट. सोमवारी दुपारी मी लॉग-इन केलं आणि बघते तर माझं झाड तोडलेलं! सगळ्या फांद्या छाटलेल्या, नुसता सोट उभा, त्याला आखूड खुंट. मी इतकी भडकले की बॅच सुटूनही रेंगाळलेली पोरं पळाली. त्या जगात टवाळखोरांच्या टोळ्या असतात, नवख्यांची घरं मोडतात, हे मी वाचलं होतं. कंपनीला सणसणीत तक्रार लिहिली, पासवर्ड बदलला. कंपनीचं उत्तर आलं की आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या जागेवर तुमच्याशिवाय कुणीही काही केलेलं नाही. म्हणजे मीच मूर्ख! झाडावर क्लिक केलं की ते कुणी बनवलं ते दिसतं. त्या छाटलेल्या सोटावर माझंच नाव होतं, ते जिभेला न झेपणाऱ्या आडनावासकट. बनवल्याचा वार रविवार. रविवारी मी किन्हवलीला होते आणि क्लासचं शटर बंद होतं.

पुढच्या रविवारी घरी गेले. आई बाबांच्या डाव्या खांद्याला तेल चोळत होती.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“काय नाय. खांदा दुखतो म्हनं त्यांचा. झाडाव चढलो व्हतो म्हनतात.”

बाबा हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एकाच बाजूला यायचं. जड जिभेने, एकेक शब्द उचलत म्हणाले, “ऐन तोडला गो. टाळ काढला. राबाला.”

आई माझ्याकडे बघून डोळ्यांनीच ‘बोलू दे’ म्हणाली. आजारी माणूस, जुन्या आठवणीत बोलतोय. मीही तेच समजले. पण परतताना एसटीत बसल्यावर पडद्यावरचं ते छाटलेलं झाड डोळ्यांपुढे आलं.

ज्यांना भातशेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे थंडी सरली की बांधावरच्या ऐनाच्या फांद्या तोडतात, त्याला टाळ म्हणतात. रोपं करायच्या जागेवर शेण, टाळ, पालापाचोळा, वरून माती असे थर घालतात आणि उन्हाळ्यात ते जाळतात. हा राब. राब भाजलेल्या काळ्या जमिनीत रोपं चांगली येतात. टाळ काढलेला ऐन कसा दिसतो? नुसता सोट, त्याला आखूड खुंट. मी गावात वाढले आणि शेत मांडताना डेरेदार झाड लावून आले! शहरात राहिलेल्या पोरीची चूक. ती चूक कोणीतरी दुरुस्त केली होती, आणि ते मला टवाळखोरी वाटलं होतं.

मी स्वतःलाच शिव्या घातल्या. म्हटलं, योगायोग. मग उन्हाळ्यात एका दुपारी लॉग-इन केलं तर वरच्या खाचराच्या एका कोपऱ्यात जमीन काळी. नुसता काळा रंग नाही हो. अर्धवट जळलेल्या काटक्या, कडेला राख, वाऱ्याच्या अंगाने पुढे सरकत गेल्याच्या खुणा. राब वरच्याच खाचरात करायचा, हे मला आठवतही नव्हतं. सांगा मला, कुठला टवाळखोर, कुठल्या खंडात बसलेला, हे करणार? ज्याला शेत मोडायचंय तो ते आधी पेरायला तयार करेल का?

तरी मी सोडलं नाही. सरांवर संशय घेतला. सरळ तोंडावर विचारलं की माझ्या नावाने बसता का म्हणून. बिचारे नाशिकचे, द्राक्षाच्या पट्ट्यातले, राब म्हणजे काय तेच त्यांना सांगावं लागलं. चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी. माझा पासवर्ड मी कुठे लिहिलेला नव्हता, कुणाला सांगितलेला नव्हता, आणि तोवर कितीदा बदलला ते मलाच आठवेना.

मग मी बाबांनाच धरायचं ठरवलं. भर पावसाळ्यातल्या एका रविवारी त्यांच्या खाटेशी बसले आणि सहज विचारल्यासारखं केलं, “बाबा, आज काय केलंत शेतावर?”

त्यांना नवल वाटलं नाही. “मधल्याचा बांध फुटला. पानी जात व्हतं खाली. बांधला.”

“कशाने?”

“दगड लावलं. माती लावली. तू येत नायस गो शेताव.”

सोमवारी दुपारची वाट बघता आली नाही. सकाळीच सरांना विनवण्या करून त्या पीसीवर बसले. मधल्या खाचराचा बांध जिथे आमच्या खऱ्या शेतात दर पावसाळ्यात फुटायचा, बरोबर तिथे, ओल्या मातीचं ताजं ठिगळ होतं. आत दगड. मी त्या जगात पाऊससुद्धा लावला नव्हता. खाचरात पाणी उभं होतं आणि वरच्या कोपऱ्यात राबाची रोपं हिरवीगार आली होती.

मी त्या दिवशी घाबरले का? नाही. मला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून स्वतःचाच राग आला. असं कसं होईल? ज्या माणसाचा उजवा हात उशीवरून उचलून ठेवावा लागतो, ज्याने आयुष्यात कीबोर्डला बोट लावलं नाही, तो... नाही. मी तेव्हाही मानलं नाही. फक्त तक्रारी करायचं बंद केलं.

आणि मग आवणी झाली. आवणी म्हणजे लावणी. रोज थोडी थोडी, मागे मागे सरकत लावलेली रोपं. बाबांच्या आवणीत ओळी किंचित डावीकडे कलायच्या, आई त्यावरून त्यांना चिडवायची. पडद्यावरच्या ओळी कललेल्या होत्या. सगळी खाचरं भरली. एक जागा सोडून. खालच्या खाचराच्या टोकाला, खाटेएवढ्या जागेत एकही रोप नाही, आणि मधोमध एक दगड. गुळगुळीत, लांबट, नदीतला. आमच्या शेतात असला दगड मी बघितल्याचं मला आठवत नव्हतं, आणि तो मी बनवलेला तर नव्हताच. क्लिक केलं. बनवणाऱ्याच्या जागी पुन्हा माझंच नाव.

रविवारी आई मागच्या पडवीत भांडी घासत होती. मी विचारलं, “आई, खालच्या खाचराच्या टोकाला बाबा रोपं का नाय लावायचे गं?”

तिच्या हातातलं भांडं थांबलं.

“तुला कोनी सांगितलं?”

“कुणी नाही. का नाय लावायचे?”

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग खाली बघत म्हणाली, “तुज्या आदी एक व्हती. दादाच्या पाठची. पंधरवडाभर जगली. तान्ह्या पोराला जाळीत नाय. तिथं ठेवली. माजे माहेरचा दगड आनला मी, वैशाखऱ्याचे नदीतला. मंग बाबांनी तिथं कदी नांगर नाय घातला.”

मला बहीण होती, हे मला त्या दिवशी कळलं. दर आवणीला बाबा तेवढी जागा सोडून रोपं लावायचे आणि मी बांधावर बसून चिंचा खायचे. आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट डोक्यात आली. जेसीबी! मी दुपारीच टेकाडापलीकडे गेले. गेटच्या फटीतून बघितलं. खालच्या खाचराच्या टोकाला निळ्या फरशीची पोहायची टाकी झाली होती.

मी सांगू शकत नाही मला किती राग आला. अजून येतो.

त्याच्या पुढच्या रविवारी दादा आला, मिठाईचा बॉक्स आणि फ्लॅटच्या चाव्या घेऊन. मी त्याला अंगणातच गाठलं.

“तुला माहीत होतं तिथं काय आहे?”

“कुठं?”

“खालच्या खाचरात. टोकाला.”

त्याचा चेहराच सांगत होता. ती गेली तेव्हा तो चांगला कळता होता, बाबांच्या मागे चालत गेला असणार. तरी म्हणाला, “काय हाय तिथं? दगड हाय.”

“आपली बहीण आहे! तिच्यावर लोक पोहणार आता, दादा!”

“हळू बोल.”

“का हळू बोलू? विकताना हळू होतास म्हणून तर—”

“मंग काय करू?” तो एकदम ओरडला. कल्याणची सगळी भाषा गळून पडली त्याची. “मेलेल्या पोरीसाठी जमीन धरून बसू? कोन कसनार व्हता? तू? कंप्युटर सोडून चिखलात उतरनार व्हतीस? इकलं! शेत इकलं मी! किती दिवस नाटक करनार तुमी बाबांपुढं?”

आई दारात आली, तोंडावर पदर दाबून. खाट दाराच्या आतच होती. जे होऊ नये म्हणून आम्ही दोघी इतके महिने खोटं बोलत होतो ते दादाने एका दमात करून ठेवलं होतं. आम्ही तिघंही आत धावलो.

बाबा छताकडे बघत पडले होते. शांत. दादा त्यांच्या पायाशी उभा राहिला. बाबांनी डोकं वळवून त्याच्याकडे बघितलं आणि त्यांना खरंच काही उलगडत नसावं अशा आवाजात विचारलं,

“इकलं? मंग मी आवनी कोन्च्या शेतात केली?”

दादा पुढे वाकला. “बाबा...”

“झाली की आवनी. पोरीची जागा सोडली.” आणि डोळे मिटून घेतले.

दादाला वाटलं बाबांचं डोकं गेलं. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगून त्याचं समाधान करायची माझी इच्छाच नव्हती. आई मात्र माझ्याकडे एकटक बघत होती, कारण ‘टोकाला का लावत नसत’ हे मी तिला आदल्या रविवारी विचारलं होतं.

दुसरा झटका आला नाही. उलट त्या पावसाळ्यात बाबा चांगले जेवायचे. संध्याकाळी दमल्यासारखे झोपायचे. दसरा झाला, पडद्यावर भात पिकलं, कापणी सुरू झाली. मी रोज दुपारी बघायचे आणि मला रोज धाकधूक व्हायची, कारण कापणी झाल्यावर काय, हे मला कळत नव्हतं. मी बाबांना म्हटलंसुद्धा, “सावकाश करा, बाबा. घाई काय आहे?” ते म्हणाले, “पीक उभं ठेवून चालतं का?”

बाबा कधी पूर्ण शेत कापायचे नाहीत. शेवटची मूठभर लोंबी उभी ठेवायचे, पाखरांचा वाटा म्हणून. एका दुपारी मी लॉग-इन केलं तेव्हा सगळी खाचरं कापून मोकळी झाली होती आणि त्या दगडाशेजारी मूठभर भात उभं होतं. मी पाहत बसले असतानाच सरांच्या टेबलावरचा फोन वाजला. किन्हवलीहून. बाबा जेवून पडले ते उठले नव्हते.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमले. दादानेच सगळं केलं, नीट केलं, मी नाकारत नाही. पाहुणे गेल्यावर आई म्हणाली खाट बाहेर काढू. एका बाजूने दादाने उचलली, एका बाजूने मी. खाटेखाली, भिंतीला लागून, दगड होता. गुळगुळीत, लांबट, नदीतला. अर्ध्यापर्यंत चिखल, आणि चिखल ओला. पाऊस जाऊन किती तरी दिवस झाले होते, अंगणात धूळ उडत होती. आई खाली बसली. तिने पदराने दगड पुसला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, जिथे एक कपचा उडालेला होता. मग तिने तो मांडीवर घेतला. हा तोच का, हे तिला विचारायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी शहापूरला येऊन मी ती जागा उघडली. शेत तसंच होतं. मूठभर भात उभं होतं. दगड नव्हता. त्यानंतर तिथे काहीही हललं नाही, ऐनाला पालवीसुद्धा फुटली नाही. पुढे त्या म्हाताऱ्याने बेट बंद केलं आणि सगळंच गेलं.

तर नवख्यांनो, ही माझी टीप. तिथे होतं ते खोटं असतं असं कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. तुमच्यातल्या हुशार लोकांना आत्ताच खुमखुमी आली असेल, तर मीच सांगते काय काय तपासलं. मी झोपेत काही केलं नाही, शटरची किल्ली सरांकडे असायची. अकाउंट हॅक झालं म्हणाल, तर त्या हॅकरला आमच्या बांधाची फुटकी जागा माहीत होती आणि आमची बहीण माहीत होती, जी मलाही माहीत नव्हती. आईने आवणीच्या आधी कुणापाशी ब्र काढला नव्हता. मला यातलं काहीच उलगडलेलं नाही. आजही नाही.

दगडाचं मात्र एक सरळ स्पष्टीकरण आहे, आणि ते मला हवंय. दादा. जागा त्याला माहीत होती, पार्टीशी त्याची ओळख होती, टाकी खणताना निघालेला दगड त्याने मागून घेतला, चिखल फासून आणून खाटेखाली ठेवला, कारण त्याला लाज वाटली. एवढंच झालेलं असलं तरी मी त्याच्याशी आयुष्यभर नीट वागेन. दर भेटीला मी त्याला विचारते. भांडते. म्हणते, कबूल कर ना, तूच आणलास! परवा तर म्हटलं, नसशील आणलास तरी हो म्हण. आईसाठी म्हण, माझ्यासाठी म्हण.

दादा मान खाली घालतो आणि म्हणतो, “मी नाय आनला गो. आनायला हवा व्हता.”

ज्याने आम्हाला अंधारात ठेवून अख्खं शेत विकलं, त्या माणसाला नेमकं इथेच खोटं बोलता येत नाही.